तीन दिवसांचे फेझ

मोरोक्कोतल्या या शहराचे अरबी नाव ‘फास’. मराठीत ते जसेच्या तसे लिहिले तर गळ्याशी येते. फ्रेंच वळणाने ‘फेस’ लिहावे तर साबण आठवतो. म्हणून आम्ही इंग्रजी नकाशांवरून रुळलेले ‘फेझ’ हेच रूप पत्करले आहे. गोंडा लावलेल्या लाल टोपीलाही हेच नाव आहे, पण त्याला इलाज नाही.

तीन दिवसांचा अवकाश हाताशी धरून बाराशे वर्षांच्या शहराचा आराखडा आखायला बसले की पहिली अडचण वेळेची वाटते. थोडे वाचन झाले की ध्यानात येते, खरी अडचण क्रमाची आहे. कोणते स्थळ आधी आणि कोणते नंतर, हे ठरवणे म्हणजे इतिहासाचे एक कथन निवडणे होय. आणि प्रवास-पुस्तिका हे कथन आपल्याला न विचारताच निवडून मोकळ्या होतात. आधी निळी कमान, मग उताराची गल्ली, मग एखादा मदरसा, मग कातडी कमावण्याचे रंगीत हौद आणि शेवटी गच्चीवरून दिसणारा सूर्यास्त. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. आरंभ आहे, विकास आहे, उत्कर्षबिंदू आहे, भरतवाक्यही आहे. शहर मात्र या क्रमाने घडलेले नाही, आणि या क्रमातली पहिली वस्तू तर सगळ्यांत नवी आहे. त्याबद्दल पुढे लिहूच.

कालक्रमाने जायचे तर सुरुवात नदीच्या उजव्या काठापासून करावी लागेल. अब्बासी खिलाफतीविरुद्धच्या फसलेल्या उठावातून निसटलेला, पैगंबरवंशीय म्हणून मान असलेला इद्रिस पश्चिमेला पळत पळत वलीला या जुन्या रोमन गावी पोचला, तिथल्या बर्बर जमातीने त्याला नेता मानले, आणि ७८९ च्या सुमारास त्याने या नदीच्या उजव्या काठावर वस्ती केली. दोनच वर्षांनी त्याच्यावर विषप्रयोग झाला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा दुसरा इद्रिस. त्याने ८०९ च्या सुमारास समोरच्या डाव्या काठावर ‘अल-आलिया’ नावाचे दुसरे नगर वसवले. म्हणजे एका शहराच्या जागी दोन शहरे, दोन स्थापना, आणि दोन संस्थापक. परंतु चौदाव्या शतकात इब्न अबी झर याने फेझचा जो इतिहास लिहिला, त्यात सगळे श्रेय मुलाला दिले गेले, आणि पुढची सहाशे वर्षे तेच प्रमाण मानले गेले. १९३८ मध्ये लेव्ही-प्रोव्हाँसाल या फ्रेंच अभ्यासकाने नाण्यांच्या आधारे ही गाठ सोडवली. ‘फास’ इथे पाडलेली, मुलाच्या स्थापनेआधीच्या सालांची चांदीची नाणी अस्तित्वात होती. मग शहर त्याच्याही आधीचे असणारच. सुरस ग्रंथ एका बाजूला आणि झिजलेले दिरहम दुसऱ्या बाजूला, असा हा सामना होता. तो दिरहमांनी जिंकला. तरी लोकांच्या जिभेवर अजून ग्रंथच आहे. शहराचा पालक संत म्हणून आजही दुसऱ्या इद्रिसाचीच दर्गा डाव्या काठावर गजबजलेली असते.

दोन्ही काठांवर पुढे निर्वासित येत राहिले. ८१८ मध्ये कॉर्डोबाच्या उपनगरातला उठाव चिरडला गेला, तेव्हा तिथून हाकललेली कुटुंबे उजव्या काठावर स्थिरावली. ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली डाव्या काठावर. एकीकडे ‘अंदलुसी’ आणि दुसरीकडे ‘करवी’, असे दोन मोहल्ले, दोन तट, दोन जुम्मा मशिदी. अकराव्या शतकात अल्मोराविदांनी मधली भिंत पाडून दोन्हींचे एक शहर केले. असे असूनही प्रवास-पुस्तिकांत उजवा काठ ‘वेळ उरल्यास’ या सदरात जातो. आमच्या आराखड्यात त्याला पहिली सकाळ दिली आहे. अंदलुसी मशिदीचा उंच दरवाजा, जवळच १३२३ साली पुरा झालेला सहरीज मदरसा, त्यातला पाण्याचा चौकोनी हौद, आणि तिथून उताराने नदीकडे. नदी आता बरीचशी रस्त्याखाली झाकली गेली आहे, त्यामुळे पूल ओलांडल्याचे कळणारही नाही. दोन शहरांमधली सीमा पायाखालून निघून जाईल, एवढे लक्षात ठेवावे.

पण खरे सांगायचे तर, फेझची ओढ आम्हांला वाटते ती इद्रिसांमुळे नाही. ती वाटते एका पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकात नंदुरबार आणि दौलताबाद आहेत म्हणून.

तेराव्या शतकाच्या मध्यावर फेझ मरीनी घराण्याच्या हाती आले. त्यांनी १२७६ मध्ये जुन्या शहराबाहेर ‘नवे फेझ’ उभारून राजवाडा, लष्कर आणि दरबार तिकडे नेला. मरीनी हे बर्बर टोळीवाले. पैगंबराच्या वंशाची पुण्याई त्यांच्यापाशी नव्हती. मग मान्यता मिळवायची कशी? त्यांनी मदरसे बांधले. डोंगरी खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना राहायला खोली आणि खायला भाकरी द्यायची, धर्मशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्यातूनच काझी, लेखनिक, कारभारी घडवायचे, म्हणजे ते सुलतानाचे ऋणी राहतात. आज पर्यटक ज्या नक्षीपुढे थबकतात, म्हणजे खाली रंगीत फरश्यांचे तुकडे, वर गिलाव्यातले कोरीवकाम आणि त्याच्यावर देवदाराचे छत, ती नक्षी एका राजकीय गरजेतून जन्मली. १३२५ मध्ये पुरा झालेला अत्तारीन मदरसा याचा सर्वांत नेटका नमुना. योगायोग असा की त्याच वर्षी टँजिअरचा एक एकवीस वर्षांचा तरुण हजला म्हणून घरून निघाला होता.

तो इब्न बतूता. तो १३४९ मध्ये परत येऊन फेझला पोचला, पुन्हा अंदलुसिया आणि मग सहारा ओलांडून मालीच्या राज्यात जाऊन आला, आणि शेवटी सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्याने आपला प्रवास सांगायला घेतला. लिहून घेणारा होता इब्न जुझय, ग्रॅनडाहून आलेला कवी आणि दरबारी लेखनिक. डिसेंबर १३५५ मध्ये कथन संपले, पुढच्या दोनतीन महिन्यांत लेखनिकाने त्यावर हात फिरवला, आणि जगाला ‘रिहला’ मिळाली. जवळपास तीस वर्षांचा प्रवास, आणि सांगताना समोर टिपणे जवळजवळ नाहीतच. बुखाऱ्याच्या थडग्यांवरून उतरवून घेतलेला मजकूर हिंदी समुद्रातल्या लुटीत गेला, असे तो स्वतःच सांगतो. तेव्हा हे पुस्तक स्मरणातून आलेले आहे, आणि स्मरण जिथे तोकडे पडले तिथे लेखनिकाने जुन्या ग्रंथांतून भर घातलेली आहे. दमास्कस, मक्का, मदिना यांची वर्णने इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या पुस्तकातून बऱ्याच अंशी उचललेली आहेत, हे अभ्यासकांनी ओळींशी ओळी जुळवून दाखवले आहे. ‘लेखक कोण?’ हा प्रश्न वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

दख्खनच्या वर्णनाला मात्र असा कोणता पूर्वग्रंथ नव्हता. १३४२ मध्ये मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे जायला निघालेला इब्न बतूता दौलताबादेवरून आणि नंदुरबारावरून खंबायतकडे गेला, पुढे समुद्रमार्गे गोव्याला आणि मलबारला. दौलताबादचे तीन भाग, खडकावरचा देवगिरीचा किल्ला, गायकांचा स्वतंत्र बाजार, या सगळ्यांची नोंद तो करतो. प्रदेशातले लोक ‘मरहटे’ असल्याचे सांगतो, मरहट्ट स्त्रियांच्या नाकाभुवयांची तारीफ करतो. (त्याची नजर स्त्रियांबाबत जिथे तिथे अशीच फिरते, तेव्हा फार हुरळून जाऊ नये.) नंदुरबार त्याला लहानसे गाव वाटते, तिथले मरहटे कारागिरीत निपुण, वैद्य आणि ज्योतिषी, भात-भाजी-तिळाचे तेल खाणारे, सात पिढ्यांच्या आत सोयरीक न करणारे, मद्य न पिणारे. तीळतेल आणि सात पिढ्या हे दोन तपशील कुणी कल्पनेने रचत नाही. फेझमध्ये बसून, बारातेरा वर्षांनंतर, वाळवंटापलीकडच्या एका दरबारासाठी कुणीतरी नंदुरबारच्या जेवणाचे तेल आठवून सांगत आहे, हे चित्र आम्हांला या शहरातल्या कुठल्याही वास्तूपेक्षा मोठे वाटते. रिहलेच्या भारतविषयक भागाचे महदी हुसेन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५३ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेतून निघाले. प्रवासाला निघण्यापूर्वी ते ग्रंथालयातून काढून चाळावे. फेझबद्दलच्या चार पुस्तिकांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

ही हकीकत दरबारात ऐकली गेली तेव्हा काय झाले? लोकांचा विश्वास बसला नाही. याची साक्ष देणारा माणूस तेव्हा त्याच दरबारात होता, आणि तो साधासुधा नव्हता. ट्युनिसहून १३५४ मध्ये फेझला आलेला, विशीतला इब्न खल्दून सुलतानाच्या कचेरीत लेखनिक होता. पुढे १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त त्याने हा प्रसंग नोंदवला आहे. टँजिअरचा एक शेख हिंदुस्थानच्या सुलतानाच्या गोष्टी सांगे. सुलतान मोहिमेवर निघताना राजधानीतल्या साऱ्या माणसांची मोजदाद करून त्यांना सहा महिन्यांची बेगमी देतो, परतल्यावर गर्दीवर यंत्रांतून नाण्यांच्या थैल्या उधळतो, वगैरे. लोक आपसांत कुजबुजत, हा थापाड्या आहे. इब्न खल्दूनलाही तसेच वाटले, आणि त्याने फारिस इब्न वद्रार या वजिरापाशी ते बोलून दाखवले. वजिराने त्याला एक गोष्ट सांगितली. एका वजिराला राजाने कैदेत टाकले. त्याचा मुलगा तिथेच वाढला. जाणता झाल्यावर तो विचारू लागला, आपण खातो ते मांस कशाचे? बाप म्हणाला, मेंढीचे. मेंढी म्हणजे काय? बापाने पुरे वर्णन केले. मुलगा म्हणाला, म्हणजे उंदरासारखी? बाप चिडला, मेंढी कुठे आणि उंदीर कुठे! उंटाचे सांगितले, बैलाचे सांगितले, तरी तेच. कारण कैदेत मुलाने प्राणी म्हणून फक्त उंदीर पाहिले होते. सबब, आपण पाहिले नाही एवढ्याने दूरच्या राज्यांच्या हकीकती नाकारू नयेत.

आता रिहलेतल्या देवगिरीच्या किल्ल्याकडे परत यावे. तिथल्या तळघरातल्या कोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर आहेत, असे इब्न बतूता सांगतो. मलिक खत्ताब नावाचा अफगाण सरदार तिथे कैदेत होता. रात्री उंदीर त्याच्यावर चालून येत आणि तो त्यांच्याशी झुंजे. शेजारच्या कोठडीतल्या आजारी सरदाराला उंदरांनी खाल्ले, तेव्हा सुलतानाने घाबरून खत्ताबला सोडले. हकीकत ऐकीव आहे, पण ज्याच्या अंगावर गुदरली त्याच्याच तोंडून ऐकलेली. एकाच दरबारात, एकाच दशकात, कैदखान्यातल्या उंदरांच्या या दोन गोष्टी. एक देवगिरीची, भयाने भरलेली; दुसरी वजिराची, अविश्वासावरचा उतारा म्हणून सांगितलेली. पहिलीतून दुसरी सुचली असे म्हणायला कागदोपत्री आधार नाही, आणि वजिराची गोष्ट आधीपासून लोकांत चालत आलेलीही असू शकेल. संबंध जोडण्याचा मोह आवरून एवढेच म्हणतो, की इतिहासलेखनाच्या कसोट्या घालून देणाऱ्या ग्रंथात पुराव्याचा प्रश्न ज्या प्रसंगातून उभा राहतो, त्या प्रसंगाच्या तळाशी दिल्ली-दौलताबादचा तुघलक आहे. आणि इब्न खल्दूनने वजिराचा उपदेशही जसाच्या तसा गिळला नाही. जे संभवते आणि जे संभवत नाही त्यांची सीमा बुद्धीने आखावी, सीमेच्या आतले स्वीकारावे, बाहेरचे टाकावे, असा मधला मार्ग त्याने काढला. या प्रसंगानंतर थोड्याच काळात, १३५७ मध्ये, त्यालाच अबू इनानने कटाच्या संशयावरून फेझच्या तुरुंगात टाकले. पावणेदोन वर्षे तो आत होता. १३५८ मध्ये सुलतानाचा खून झाल्यावर सुटला. वजिराच्या गोष्टीतल्या मुलाची त्याला तिथे आठवण झाली असेल काय, हे त्याने लिहिलेले नाही.

म्हणून दुसरा दिवस आम्ही १३५५ या एका सालासाठी राखला आहे. अबू इनानचा स्वतःचा मदरसा, बू इनानिया, त्याच सुमारास पुरा झाला. खर्चाचा हिशेब मांडला गेला तेव्हा सुलतानाने ती वही नदीत भिरकावली, सौंदर्याची किंमत मोजत नसतात म्हणून, अशी आख्यायिका सांगतात. बांधकामाच्या खर्चाबद्दल जगभर हीच आख्यायिका असते. हिशेबनीसांचे म्हणणे कुणी लिहून ठेवत नाही. समोरच्या भिंतीवर पाण्यावर चालणाऱ्या घड्याळाचे अवशेष आहेत, १३५७ सालचे. पाटे आणि झरोके राहिले, यंत्रणा कशी होती ते आजवर पुरते उलगडलेले नाही. तिथून मोठ्या उताराच्या गल्लीने, तालआ कबीराने, खाली अत्तारीनपर्यंत चालत यावे. मागून खेचर हाकणाऱ्याचा ‘बालक!’ असा इशारा आला की भिंतीला चिकटावे. या गल्लीत गाडी कधीच शिरलेली नाही, त्यामुळे चालण्याचा वेग तरी चौदाव्या शतकातलाच राहतो.

गल्लीच्या तळाशी करवीयिन. जगातले सर्वांत जुने विद्यापीठ, कैरवानच्या फातिमा अल-फिहरी या धर्मशील स्त्रीने ८५९ मध्ये वारशाच्या पैशातून उभारलेले, असे प्रत्येक पुस्तिका सांगते. ही कथा फार लोभस आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवे. तिचा आधार पुन्हा तोच इब्न अबी झर, म्हणजे स्थापनेनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा. त्याच्या मते फातिमाने एक मशीद बांधली आणि तिच्या बहिणीने, मरियमने, समोरच्या काठावर दुसरी. दोन काठ, दोन बहिणी. कथेची इतकी सममिती पाहून अभ्यासकांच्या मनात शंका यावी हे स्वाभाविक आहे. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत गिलाव्याखाली एक जुना कोरीव लेख निघाला; त्यात ८७७ हे साल आणि संस्थापक म्हणून इद्रिसी राजपुत्र दाऊद याचे नाव आहे. शिवाय ‘विद्यापीठ’ हा शब्द मशिदीभोवती हळूहळू वाढलेल्या अध्यापनाला कोणत्या शतकापासून लावायचा, हा वाद वेगळाच. तरीही फातिमाचे नाव आम्ही पुसून टाकू इच्छीत नाही. चौदाव्या शतकातल्या एका पुरुष इतिहासकाराला आपल्या शहराच्या सर्वांत मोठ्या मशिदीचे मूळ एका स्त्रीच्या दानात शोधावेसे वाटले, ही गोष्ट स्वतःच ऐतिहासिक आहे. शिळालेख स्थापनेबद्दल सांगतो, कथा समाजाबद्दल सांगते. दोहोंची गल्लत मात्र करू नये.

मशिदीत बिगर-मुस्लिमांना प्रवेश नाही. दरवाज्यातून चौकाकडे पाहता येते, तेवढेच. या बंदीचा उगम सनातन वृत्तीत शोधला जातो, परंतु ती कडक स्वरूपात लागू झाली ती फ्रेंच अमलात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लगतच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. अझीझा शाउनी या फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद स्त्रीच्या देखरेखीखाली २०१६ पर्यंत त्याची दुरुस्ती झाली. इब्न खल्दूनने आपल्या इतिहासग्रंथाची एक प्रत वृद्धापकाळी कैरोहून या ग्रंथालयाला वक्फ म्हणून पाठवली होती. ज्या शहराने तुरुंगात टाकले त्याच शहराला. ती प्रत पर्यटकाच्या दृष्टीस पडण्याची आशा धरू नये. दाराशेजारच्या सफ्फारीन चौकात तांबट हातोड्या चालवत असतात, तिथे बसून चहा प्यावा.

आता त्या निळ्या कमानीविषयी. बाब बू जलूद हे जुन्या शहराचे प्रवेशद्वार. बाहेरून निळे, आतून हिरवे, आणि कमानीतून मीनार दिसेल असे बेतलेले. फेझच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तेच असते. ते १९१३ मध्ये फ्रेंचांनी बांधले. शेजारीच मूळचा जुना दरवाजा आहे, वाकडा वळसा घेऊन आत नेणारा, संरक्षणासाठी तसा केलेला. त्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. ३० मार्च १९१२ रोजी फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. एप्रिलमध्ये शहरात सैनिकांनी बंड केले. दंग्यात नव्या फेझला लागून असलेला ज्यूंचा मोहल्ला, मेल्लाह, लुटला गेला, आणि तिथल्या लोकांना सुलतानाच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आसरा घ्यावा लागला. त्या दिवसांची छायाचित्रे आहेत. पिंजऱ्यांजवळ कुटुंबे बसलेली दिसतात. शेजारच्या पिंजऱ्यात जनावरे. मे महिन्यात जनरल ल्योते रेसिडेंट-जनरल म्हणून आला. राजधानी त्याने राबातला हलवली, आणि शहरांबाबत एक धोरण आखले: जुने शहर आहे तसे राखायचे, त्याला हात लावायचा नाही, आणि युरोपियनांसाठी काही अंतरावर नवे शहर वसवायचे. आंरी प्रोस्त या नगररचनाकाराने आराखडे केले. फेझचे फ्रेंच शहर १९१६ पासून उभे राहू लागले.

या धोरणाचे ऋण आणि पाप दोन्ही एकाच वहीत मांडावे लागते. अल्जिअर्समध्ये फ्रेंचांनी जुने शहर फोडून रुंद रस्ते काढले. तसे फेझमध्ये झाले नाही, म्हणून आज तालआ कबीरावरून चालता येते. पण ‘हात लावायचा नाही’ याचा अर्थ पैसाही लावायचा नाही असा झाला. गुंतवणूक, नळ, गटारे, कचेऱ्या नव्या शहरात गेल्या. जुन्याच्या तटाबाहेर वाढायला जागा उरली नाही आणि आत माणसे कोंबली जाऊ लागली. जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८० मध्ये राबातवरच्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेला नागरी वर्णभेद म्हटले. १९५६ मध्ये स्वातंत्र्य आल्यावर फेझची सधन घराणी नव्या शहरात आणि कॅसाब्लांकाला निघून गेली. त्यांच्या चौकांच्या वाड्यांत खेड्यांतून आलेली कुटुंबे खोली-खोलीने राहू लागली. १९८१ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा ते वाडे ढासळत होते. त्यांतलेच काही आता पाहुण्यांची निवासस्थाने झाले आहेत. तीन दिवसांच्या प्रवाशाची रात्र बहुधा अशाच एखाद्या वाड्यात जाते.

एडिथ व्हॉर्टन ही अमेरिकन कादंबरीकार १९१७ मध्ये ल्योतेची पाहुणी म्हणून लष्करी मोटारीतून फेझला आली आणि १९२० मध्ये तिने ‘इन मोरोक्को’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मध्ययुगात पाऊल ठेवल्याची जी भाषा आज पुस्तिकांत सापडते तिचा एक उगम तिथे आहे, आणि त्या मध्ययुगाचा दरवाजा तिच्या भेटीआधी चारच वर्षे उभा राहिलेला होता. पॉल बोल्सची ‘द स्पायडर्स हाउस’ (१९५५) ही कादंबरी याच शहरात १९५४ च्या राष्ट्रवादी चळवळीच्या काळात घडते. ती अधिक अस्वस्थ करते, तरी परक्याचीच आहे. यांच्या जोडीला फातिमा मेर्निसी यांचे ‘ड्रीम्स ऑफ ट्रेसपास’ (१९९४) वाचलेच पाहिजे. १९४० मध्ये फेझमध्ये जन्मलेल्या या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने अशाच एका वाड्यातल्या जनानखान्यातले बालपण सांगितले आहे. तिथे भिंत, उंबरठा, गच्ची या गोष्टी वास्तुशैलीच्या राहत नाहीत. कोण कुठवर जाऊ शकते, हे त्या ठरवतात. पर्यटक ज्या चौकाच्या सावलीत पुदिन्याचा चहा पितो, त्या चौकातून आकाशाचा केवढा तुकडा दिसतो हे मोजणारी ती मुलगी आहे. आम्ही तिच्या बाजूने पाहणार आहोत.

कातडी कमावण्याच्या हौदांबद्दल थोडक्यात: पाहावेत, भोवतालच्या दुकानांच्या गच्च्यांवरून पाहता येतात, नाकाशी धरायला पुदिन्याची काडी मिळते. कमरेपर्यंत रंगात उभे राहून काम करणारी माणसे खाली आणि छायाचित्रे घेणारे वर, ही मांडणी आम्हांला फार वेळ सोसणार नाही, म्हणून अर्धा तास पुरे. मेंदी बाजारातल्या जुन्या रुग्णालयाची जागा मात्र चुकवू नये. ग्रॅनडात जन्मून फेझमध्ये वाढलेला अल-हसन अल-वझ्झान तरुणपणी तिथे लेखनिकाचे काम करत होता. १५१८ मध्ये तो समुद्रावर चाच्यांच्या हाती सापडला, पोपला नजर केला गेला, बाप्तिस्मा घेऊन ‘लिओ आफ्रिकानस’ झाला, आणि रोममध्ये बसून त्याने इटालियन भाषेत आफ्रिकेचे वर्णन लिहिले. ते व्हेनिसला १५५० मध्ये छापले गेले. त्यातले फेझचे पान-पान, दुकाने, हमामखाने, सराया, हे पुन्हा दूर बसून आठवलेले आहे. या शहरात दुसऱ्यांची गावे आठवली जातात, आणि याची आठवण दुसऱ्या गावात काढली जाते.

तिसऱ्या दिवशी नवे फेझ आणि मेल्लाह. इब्न दानान हे सतराव्या शतकातले, १९९० च्या दशकात दुरुस्त झालेले सिनेगॉग. त्यापलीकडे उतारावरची पांढरी दफनभूमी. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस ११६० च्या दशकात काही वर्षे फेझमध्ये राहिला होता. त्याचे म्हणून दाखवले जाणारे घर पाण्याच्या घड्याळाच्या इमारतीत आहे, आणि त्या कथेवर विसंबू नये. दुपारी भाड्याच्या गाडीने उत्तरेच्या टेकडीवर जावे. तिथे मरीनी सुलतानांच्या कबरींचे भग्न अवशेष आहेत आणि खाली दोन्ही काठ एकदम दिसतात. पुस्तिका हे दृश्य पहिल्या दिवशी ठेवतात, म्हणजे शहर आधी चित्र म्हणून हाती येते. आम्ही ते शेवटी ठेवले आहे. वलीलाच्या रोमन अवशेषांची आणि मेक्नेसची एक दिवसाची सहल त्यासाठी कापावी लागली.

वाराची काळजी घ्यावी. शुक्रवारी दुपारी बाजार बहुतांशी बंद असतात. त्या वेळी नवे शहर पाहावे, प्रोस्तचा रुंद सरळ रस्ता आणि दुतर्फा झाडे. रमजानात दिवसा गल्ल्या सुस्त आणि रात्री जाग्या असतात, तेव्हा वेळापत्रक उलटे करावे. कॅसाब्लांकाहून आगगाडीने साधारण चार तास लागतात. त्या चार तासांत नंदुरबारची दोन पाने आणि वजिराच्या मुलाची गोष्ट आरामात वाचून होते.